इंद्रियांची हजेरी

"कोण बोललं? मी विचारतेय, कोण बोललं?"

शितोळे मॅडमचा आवाज असा फुटला, की वॉर्डातल्या सलाईनच्या बाटल्या किणकिणल्या. आता सलाईनच्या बाटल्या प्लास्टिकच्या असतात, त्या किणकिणत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या सकाळी किणकिणल्या.

आम्ही तिघांनी डोळे उघडले. तिघं म्हणजे वैभव, प्रतीक्षा आणि मी. तिघंही शिरूरच्या कॉलेजात फिजिशियन असिस्टंटचं शिकत होतो, म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली पेशंट तपासायला शिकत होतो, आणि त्या उसाच्या हंगामात आमची ड्यूटी दौंडच्या एका छोट्या दवाखान्यात लागली होती. समोर खाटेवर आप्पा. पाटसच्या बाजूला कारखान्यात साखर शिजते त्या पॅनवर उभा जन्म काम केलेला माणूस. रात्रपाळी करून घरी आले, पोटात कळ उठली, उलट्या सुरू झाल्या, पोरानं मोटरसायकलवर मागं बसवून आणलं. मॅडमनी आम्हाला त्यांच्याभोवती उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, "वास सांगा."

"मळी, मॅडम," वैभव म्हणाला.

"मळीच," मी म्हणालो.

"मळी," प्रतीक्षा म्हणाली.

आणि मग आमच्या मागून कुणीतरी, अगदी शांतपणे, सतराव्यांदा तेच सांगावं लागतंय अशा सुरात म्हणालं, "मळी न्हाई ती."

त्यावर हा आरडाओरडा. आमच्या मागं भिंत होती. भिंतीला लागून एक रिकामी खाट होती, तिच्यावरची चादरसुद्धा चुरगळलेली नव्हती. आप्पा ट्रेमध्ये तोंड घालून ओकत होते. त्यांचा पोरगा खाली नाव लिहायला गेला होता. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

यात त्यांची चूक नाही. मी कवठे येमाईचा. आमच्या आज्ज्याच्या मेंढरांचा आकडा मी जेवढा सांगतो तेवढा खरा असता, तर पुणे जिल्ह्यात माणसाला उभं राहायला जागा उरली नसती. मी शिरूरच्या सरांचा आवाज काढतो, एसटीच्या कंडक्टरचा काढतो, दौंड जंक्शनवरच्या अनाउन्समेंटवाल्या बाईचा तर असा काढतो की एकदा दोन प्रवासी चुकून प्लॅटफॉर्म बदलून गेले. वॉर्डात कुठूनही कसलाही आवाज आला की बिल माझ्या नावावर फाटायचं.

"मी न्हाई, मॅडम. शप्पत."

"मग कोण? ही खाट बोलली? बिरू, खाली जा. स्टोअरमध्ये सलाईनचे खोके आलेत, ते नीट लावून ठेव. नाटकं संपली की वर ये."

मी गेलो. जाताना वळून बघितलं. आप्पांनी ट्रेमधून तोंड वर काढलं होतं आणि ते प्रतीक्षाच्या खांद्यावरून पलीकडं बघत होते. "हिला बसायला द्या की कुणीतरी," ते म्हणाले, "किती येळ उभी हाय."

प्रतीक्षाला वाटलं, तिलाच म्हणतायत. ती म्हणाली, "असू द्या आप्पा, आम्हाला सवय हाय."

---

परवा हे सगळं पुन्हा अंगावर आलं, त्याला कारण एक एप्रन. मी आता शिरूरलाच एका दवाखान्यात कामाला आहे. सकाळी एप्रन धुऊन गच्चीत वाळत टाकला, आंघोळ करून येतो तो पांढऱ्या कापडावर काळी काळी पिसं. उचलायला गेलं की बोटाखाली विरघळतात आणि रेघ उमटते. कारखान्याच्या धुराड्यातली राख. बॉयलर पेटले. हंगाम सुरू झाला. आता उन्हाळा लागेपर्यंत आमच्या भागात पांढरं कापड घालणं म्हणजे निव्वळ हट्ट.

गाळपाच्या हंगामात आमचा मुलूख वेगळाच होतो. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडं जायला लागा. रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस, आणि मधेच एखादं रान तोडून मोकळं झालेलं, की तिथं आभाळ एकदम खाली आल्यासारखं वाटतं. पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्याच्या टेपवर गाणं एवढ्या जोरात, की ट्रॅक्टर गाण्याच्या ताकदीवर चाललाय असं वाटावं. आणि वास. मळीचा वास. साखर निघाल्यावर जो काळा, दाट, गोड गाळ उरतो त्याचा. पहिल्या दिवशी तो नाकात शिरतो, दुसऱ्या दिवशी डोक्यात, आणि आठवडा उलटला की तो वास आहे हेच माणूस विसरतो. पाटसच्या पोरी सासरी गेल्या की त्यांना हवा फिकी लागते, असं मी म्हणतो. तिथल्या एका मामांनी मला सांगितलं की हंगामात त्यांच्या घरी चहात साखर घालत नाहीत, कप नुसता खिडकीत ठेवतात. मी विश्वास ठेवला. एका खोटारड्यानं दुसऱ्यावर ठेवावा तेवढा.

त्यावर भीमेचं धुकं. आमच्याकडं धुई म्हणतात. दौंडला ती नदीवरून उठते आणि सकाळी दवाखान्याच्या खिडक्यांना येऊन टेकते, आत यायची परवानगी मागितल्यासारखी. त्या धुईत मळीचा वास अडकतो, राख अडकते आणि स्टेशनवरचा आवाजही अडकतो. गाडी दिसत नाही, रूळ दिसत नाहीत. फक्त ती बाई कुठूनतरी सांगत राहते, की अमुक गाडी थोड्याच वेळात तमुक फलाटावर येत आहे. मग थोडा वेळ जातो. गाडी आल्याचा आवाज काही येत नाही. बाई पुन्हा सांगते. मला कित्येकदा वाटायचं, ही बाई आम्हालाच काहीतरी सांगतेय आणि आम्हाला ते कळत नाहीये.

---

शितोळे मॅडमची एक रीत होती. रोज सकाळी राऊंडच्या आधी त्या हजेरी घ्यायच्या. आमची नव्हे, आमच्या इंद्रियांची. "बघा" म्हणाल्या की पेशंटचे डोळे, नखं, पायाची सूज सांगायची. "ऐका" म्हणाल्या की स्टेथोस्कोप. "हात लावा" म्हणाल्या की आधी स्वतःचे हात चोळून गरम करायचे, मग पोट चाचपायचं, आणि चाचपताना पोटाकडं न बघता पेशंटच्या तोंडाकडं बघायचं. आणि शेवटी "वास". वासाला डोळे मिटायचे.

"यंत्रं तुमच्यापेक्षा हुशार आहेत," त्या म्हणायच्या, "पण यंत्राला विचारावं लागतं. काय विचारायचं, हे तुमच्या नाकाडोळ्यांनी सांगायचं."

शिरूरला पहिल्याच दिवशी आमच्या सरांनी हेच वेगळ्या तऱ्हेनं सांगितलं होतं. बारीक दिसलं पाहिजे, हळू ऐकू आलं पाहिजे, बोटाला कळलं पाहिजे, नाकाला कळलं पाहिजे. दिवसभर उभं राहता आलं पाहिजे. म्हातारीला तिच्या बोलीत विचारता आलं पाहिजे आणि कंपनीतल्या बिहारी पोराला त्याच्या हिंदीत. रक्त बघून, रडणं ऐकून, शिव्या खाऊन डोकं जागेवर राहिलं पाहिजे. आपण डॉक्टर नाही, डॉक्टरच्या हाताखाली आहोत, हे विसरता कामा नये. आणि जे कळलं नाही ते कळलं नाही असं म्हणता आलं पाहिजे.

मी ते ऐकून घरी सांगितलं, तर आमच्या आबांनी एवढंच विचारलं, "एवढं सगळं करून तू आमदाराचा पीए व्हनार का?" फिजिशियन असिस्टंटला पीए म्हणतात, तेवढ्यावर आमच्या गावात माझ्याकडं रस्त्याच्या खड्ड्याचे तीन अर्ज आले. त्यातला एक मी मार्गी लावला, पण ते पुन्हा कधी.

तर त्या पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून एका पोरीनं हात वर केला. "सर, यातलं एखादं कमी असलं तर?"

"तर आधी सांगायचं," सर म्हणाले. "मग बघू."

ती पोरगी प्रतीक्षा. कारेगावची. आई रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर उभी असते, पाय सुजेपर्यंत. घरात ठरलेलंच होतं: पोरीचं शिक्षण जमलं तर जमलं, नाहीतर आईशेजारी लाइनवर एक जागा बोलून ठेवलीय आणि दिवाळीनंतर स्थळं बघायला घ्यायची. प्रतीक्षाला एवढंच हवं होतं, की आईसारखं उभं राहायचंच असेल तर खाटेशेजारी राहू. आणि तिनं आधी सांगितलं नाही.

मला ते कळलं, कारण मी कसली वार्ता सोडत नाही. एकदा दवाखान्याच्या मागच्या खोलीत दूध उतू जाऊन करपलं. आख्खं दौंड खोकायला लागलं, असं मी म्हणतो. ती त्याच खोलीत, त्या भांड्याकडं पाठ करून केस विंचरत होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं.

"वास साथीतल्या तापात गेला," ती म्हणाली. "सगळ्यांचा परत आला. माझा न्हाई आला. बोलू नको कुणाला."

"अगं, पण..."

"बिरू, घरी बसवतील मला."

मग आमचं एक ठरूनच गेलं. वासाच्या हजेरीला ती नेहमी माझ्या डाव्या हाताला उभी राहायची, माझ्यानंतर बोलायची, आणि मी जे म्हणेन ते म्हणायची. मी पू म्हणालो की पू, फिनेल म्हणालो की फिनेल. मला जबाबदारी आली. सबंध आयुष्यात मी कधी एवढं खरं बोललो नव्हतो जेवढं त्या दिवसांत डोळे मिटून बोललो.

पण तिनं मला आणखी एक सांगितलं होतं, आणि ते मला नको होतं. वास गेला होता, पण नाक पूर्ण गप्प नव्हतं. कधीकधी, काही नसताना, तिला कापराचा वास यायचा. पेटलेल्या कापराचा. तो कधी यायचा, तर त्या वॉर्डात. भिंतीला लागून असलेल्या त्या रिकाम्या खाटेपाशी.

"तापानंतर व्हतं असं काहींना," वैभव म्हणाला असता, त्याला सांगितलं असतं तर. वैभवकडं प्रत्येक गोष्टीचं कारण असायचं, आणि ते बहुतेक वेळा बरोबरही असायचं. याचंही बरोबरच असणार. तरी मी त्या खाटेवर कधी बसलो नाही.

---

तो आवाज त्या दिवशी पहिल्यांदा आला असं नाही. आधीही आला होता. डोळे मिटलेले, मॅडम विचारतायत, आम्ही तिघं एकामागून एक उत्तर देतोय, आणि कधीतरी एक उत्तर जास्तीचं. एका बाईच्या जखमेशी आम्ही सगळे "औषध, औषध" म्हणालो, तर मागून "सडलंय." खरंच पट्टीखाली सडलं होतं. मॅडमना वाटलं वैभव बोलला, वैभवला वाटलं मी, मला वाटलं प्रतीक्षा. आणि प्रतीक्षा तर सांगूच शकत नव्हती. दुसऱ्या वेळी नुसता कुणीतरी खाकरल्याचा आवाज. बाप्याचा का बाईचा, ते कळत नसे. आवाजाला वय नव्हतं. दमलेपण मात्र होतं, दिवसभर पायावर उभं राहिलेल्या माणसाचं असतं तसं.

मी रात्री पडल्या पडल्या त्यावर पुष्कळ डोकं चालवलं. मॅडम किती वर्षं त्या वॉर्डात पोरं घडवत होत्या. किती नर्स, किती शिकाऊ, किती जणांना त्यांनी डोळे मिटायला लावलं असेल. एवढ्या नाकांची, कानांची, बोटांची रोज मोजदाद होत होती. एखादं इंद्रिय मोजताना शिल्लक राहिलं असेल. त्याचा माणूस बदली होऊन गेला, लग्न होऊन गेला, मरून गेला, आणि हजेरी लागली की ते सवयीनं ओ देत असेल.

हे मी वैभवला सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या आज्ज्याच्या मेंढरांपैकी असंल."

---

आता आप्पांचं. वैभवनं त्यांच्या बोटातून थेंब काढून शुगरची पट्टी लावली होती, ते मी खाली जायच्या आधी. वैभव असल्या कामात कधी चुकत नाही. मशीननं आकडा दिलाच नाही, त्याच्या मोजमापाच्या वर गेलं म्हणून नुसती खूण दाखवली. क्षणभर सगळे चपापले. मग आप्पांच्या पोरानं, ज्याचं नाव सुनील, बापाचा हात उचलून दाखवला.

"अवो, त्यांचं हात बघा. आत्ताच पॅनवरनं आल्यात. बोटं न्हवं, उसाच्या कांड्या हायेत. शुगर-बिगर कायबी न्हाई त्यांना, कवाच नव्हती."

आणि सगळे हसले. मॅडमसुद्धा. आप्पांच्या नखांच्या कडांना खरंच साखर चिकटून वाळली होती. कपड्यांना मळीचा वास, केसांना मळीचा वास, मग तोंडाला येणारच. साखरेच्या माणसाच्या बोटावर साखर निघाली, यात यंत्राचा काय दोष? "हात धुऊन नंतर पुन्हा लावा," मॅडम म्हणाल्या, पोट दाबून बघितलं, आणि पोटाच्याच बाजूनं विचार सुरू झाला. मग वासाची हजेरी, मग तो आवाज, मग मी खाली. मॅडमना ओपीडीतून बोलावणं आलं, वैभवला त्यांनी सोबत नेलं. सुनील नाव लिहून वर आला आणि बापाची उलटी जरा थांबलेली बघून चहाला गेला. "नंतर पुन्हा लावा" यातलं 'नंतर' कुणाच्याच वाट्याला आलं नाही. असली चूक नाशिकला झाली नसती, कोल्हापुरात कदाचित झाली असती, पण हंगामात, धुईत, मळीच्या वासात नाक बुडालेल्या आमच्या टापूत ती होणारच होती.

वॉर्डात बाकी कुणी नव्हतं. हंगामात आमच्याकडं आजारी पडायला कुणाला सवड नसते; माणसं दुखणी रानात बांधून ठेवतात आणि ऊस गेल्यावर सोडतात. म्हणजे वर फक्त आप्पा आणि प्रतीक्षा. आणि ती खाट.

स्टोअर खाली, ओपीडीला लागून. दार नीट लागायचं नाही, एक फट कायम उघडी. मी खोके लावत होतो. एका खोक्यावर दुसरा चढवला की वाटायचं, आपल्या मागंही कुणीतरी खोके सरकवतंय. वरच्या झरोक्यातून धुई आत उतरत होती, आणि तिच्यातून ती बाई सांगत होती, की गाडी थोड्याच वेळात येत आहे. मी मोठ्यानं गाणं म्हणायला लागलो. माझ्या गाण्यानं भुतं पळतात, हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

एक खोका मी हातात धरला होता, तेवढ्यात जिन्यावरून पावलं धडधडत आली. फटीतून बघितलं तर प्रतीक्षा. तोंड पांढरं. ती ओपीडीत घुसली, पेशंटच्या रांगेतून, माणसं बाजूला सारत.

"मॅडम, आप्पांचा श्वास बघा. पोटात कळ येते तसा न्हाई तो."

"कसा आहे?"

"खोल. थांबतच न्हाई. माणूस मैलभर पळत आल्यावर घेतो तसा, आन् आप्पा तर पडून हायेत. जीभ बी वाळलीय, लाकडागत. आन् बोलतायत कुणाशीतरी. माझ्याशी न्हाई."

मॅडमचं पेन थांबलं. त्या उठल्या नाहीत अजून, त्यांनी टेबलावरून पुढं वाकून विचारलं, "तोंडाचा वास? नीट आठव. मळी, की दुसरं काही? पिकून उतरलेल्या फळासारखा? नखाचा रंग काढायचं पाणी असतं, तसा?"

मी फटीला डोळा लावून उभा होतो. मला कळत होतं, आता हिला काय करायचंय. एक 'व्हय' म्हणायचं. मॅडमना हवं ते उत्तर त्यांनीच तोंडात घालून दिलं होतं. 'व्हय' म्हणाली असती तर आप्पाही वाचले असते आणि तीही. कुणालाच कळलं नसतं.

"मला वास येत न्हाई, मॅडम."

"आत्ता आला नाही?"

"कवाच न्हाई. तापात गेला तो आलाच न्हाई. सकाळी मी मळी म्हणाले ते बिरू म्हणाला म्हणून. रोज तसंच म्हणते."

वैभव जमिनीकडं बघत होता. बाहेर स्टेशनवरची ती बाई, योगायोगानं म्हणा, मधेच थांबली. मला वाटलं, संपलं. आता कारेगाव, आता लाइन, आता दिवाळीनंतर.

मॅडम उठल्या. "चल," एवढंच म्हणाल्या, आणि जिन्याकडं पळाल्या. त्यांच्या वयाच्या बाईला मी तसं पळताना पुन्हा पाहिलं नाही.

मी खोका टाकून मागून गेलो. आप्पांचा हात मॅडमनी साबण लावून, कोमट पाण्यानं, नखांच्या फटींतून, लहान लेकराचा धुवावा तसा धुतला. पुसला. पुन्हा थेंब काढला. मशीननं पुन्हा तीच खूण दाखवली. साखर बोटावर नव्हतीच, आत होती. मॅडमनी त्यांच्या तोंडाशी वाकून डोळे मिटले, खूप वेळ मिटूनच ठेवले.

"मीपण मळीच म्हटलं असतं," त्या हळू म्हणाल्या. आमच्याशी बोलत होत्या असं नाही.

मग सगळी धावपळ. सलाईन, इन्सुलिन, लघवीची तपासणी, फोन. आप्पांना शुगर होती, आणि ती फार चढली की श्वास असा खोल जातो, तोंडाला तो उतरलेल्या फळाचा वास येतो. कधीची होती कुणास ठाऊक. साखरेच्या धुरात उभ्या राहिलेल्या माणसानं साखर तपासायला कधी जावं? दिवस मावळता मावळता त्यांचा श्वास जमिनीवर आला. डोळे आमच्यावर ठरले. पहिलं काय बोलले, तर, "च्या."

"बिनसाखरेचा मिळंल आप्पा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच त्यांच्या घरात चोरी केली. "जनम गेला पॅनवर," ते म्हणाले, "आन् आता बिनसाखरेचा?"

सुनील रडता रडता हसला. मी विचारलं, "आप्पा, सकाळी कुणाला बसायला द्या म्हणत व्हता?" ते विचारात पडले. "मी?" म्हणाले. "मला काय बी ठावं न्हाई, बाबा."

---

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा बॅग भरूनच आली. मी तिला म्हणालो, सरांसमोर मी असं रडेन की भीमेला पूर येईल. ती हसली नाही.

धुई नेहमीपेक्षा दाट. मॅडम आल्या, आप्पांच्या खाटेशी उभ्या राहिल्या. आम्ही तिघं ओळीत. बॅग भिंतीशी, त्या रिकाम्या खाटेच्या पायाशी.

"बघा. वैभव," मॅडम म्हणाल्या. वैभवनं सांगितलं.

"ऐका. बिरू." मी ऐकलं, सांगितलं. एकही शब्द वाढवला नाही.

"वास." मॅडम थांबल्या. त्या थांबण्यात माझं एक वय गेलं. "वास बिरू आणि वैभव, दोघांनी. वेगवेगळा घ्यायचा, एकमेकांना ऐकून सांगायचं नाही. प्रतीक्षा, तू श्वास. रोज. आधी श्वास, मग बाकीचं."

प्रतीक्षानं बॅगेकडं बघितलं.

"शिरूरला सरांना फोन केला मी," मॅडम फाईल उघडत म्हणाल्या. "ते म्हणाले, आधी सांगायला पाहिजे होतं. मी म्हणाले, वेळेवर सांगितलं. ती बॅग उचल तिथून, पायात येते."

मग आम्ही डोळे मिटले. मी माझं उत्तर दिलं, वैभवनं त्याचं. आणि मग मी वाट बघितली. तुम्हाला सांगतो, मी कान एवढे ताणले की बाहेर धुई खिडकीला घासल्याचा आवाज ऐकू आला. पण दोघांची दोनच उत्तरं. मागं भिंत, खाट, चादर. त्या हंगामात नंतर कधी जास्तीचं उत्तर आलं नाही. का कुणास ठाऊक, मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. रोज शेजारी उभा राहणारा माणूस न सांगता गेल्यासारखं.

---

एप्रनवर राख पडली त्याच आठवड्यात प्रतीक्षा शिरूरला आली होती. ती अजून दौंडलाच असते, मॅडमच्या हाताखाली. आता नवी पोरं आली की हजेरी तीच घेते, "आधी श्वास" म्हणत. नाक तिचं आलंच नाही; कापराचा वासही आता येत नाही म्हणाली. आई अजून लाइनवर उभी राहते, पण स्थळाचं कुणी काढत नाही. कारेगावला जायच्या आधी तासभर होता, म्हणून आम्ही स्टँडजवळच्या टपरीवर उभे राहिलो. धुई नव्हती, लख्ख सकाळ. तरी मळीचा वास कुठूनतरी वाऱ्याबरोबर येत होता. मी तिला म्हणालो, तुला सांगतो, आज मळीच आहे, निश्चिंत राहा.

"तुझ्यामुळं राहिले मी तिथं," ती म्हणाली.

हे ती दरवेळी म्हणते. आणि मी दरवेळी ते नम्रपणे, म्हणजे छाती बाहेर काढून, स्वीकारतो. मला वाटायचं, रोजच्या वासाच्या उत्तरांबद्दल म्हणतेय. मिळणारं श्रेय कोण सोडतं? पण या वेळी ती पुढं बोलली.

"त्या दिवशी तू मागनं बोलला नसतास, तर मी आप्पांची चादरच नीट करत बसले असते."

"'मळी न्हाई ती' म्हणतेस व्हय? अगं, ते मी नव्हतो बोललो. किती वेळा सांगू?"

"ते न्हाई रे. नंतरचं. तू खाली गेल्यावर. 'श्वास बघ' म्हणालास ते." तिनं कप दोन्ही हातांत धरला. "मी वळलेबी न्हाई. म्हटलं, बिरूच असंल. मॅडमची नजर चुकवून वर आला असंल."

स्टँडवर कंडक्टर कुठल्यातरी गावाचं नाव ओरडत होता. मी कप खाली ठेवला. सांगायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच, मी सांगतो ते मुळात आहे त्याहून लहान व्हावं असं वाटलं.

"प्रतीक्षा, मी तवा स्टोअरमध्ये होतो. खोकं हातात होतं. तू जिना उतरून पळत आलीस, ते मी दाराच्या फटीतनं बघितलं."

तिनं चहावर फुंकर मारली. राखेचं एक काळं पीस तरंगत येऊन कपात पडलं होतं. ते तिनं करंगळीनं अलगद काठाशी आणलं आणि बाहेर काढून टाकलं.

"मग दुसरं कुणीतरी असंल," ती म्हणाली.